दुखण्याची हजेरी

बाकाखाली ओळीनं ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांवरून जयूकाकूंची नजर हलत नव्हती. बाकी सगळे चेंडूकडे बघत होते. उज्जैनच्या फ्रीगंजात, टावरपासून दोन गल्ल्या आत, शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉलची संभागाची, म्हणजे विभागाची फायनल चालू होती. एकीकडे उज्जैनच्या पोरी, दुसरीकडे देवासच्या. जिंकेल ती टीम भोपाळला जाणार. पहिला क्वार्टर संपला, उज्जैनच्या पोरी धापा टाकत बाकाशी आल्या, एकेकीनं बाटली उचलली, तोंडाला लावली, मान मागे टाकली आणि बाटली परत ठेवली.

बाटल्या होत्या तेवढ्याच भरलेल्या राहिल्या.

पाणी पिणाऱ्याचा गळा हलतो. ह्यांचे गळे हलले नव्हते. सगळ्या मैदानात हे एकट्या जयूकाकूंना दिसलं, कारण काय बघायचं ते एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

"ताई, केवढ्या पुढं सरकताय! पडाल की पायरीवरनं," शेजारून कल्पना म्हणाली. कल्पना म्हणजे धाकटी जाऊ. मांडीवर थर्मास, हातात चहाचा कप.

"पडले तर उचलायला तू आहेस. चहा पिऊन ताकद आली असेल."

कल्पना हसली, पण कप जरा पदराआड गेला. आज हरतालिका होती, इकडची तीज. कल्पनाचा उपास म्हणजे सकाळी चहा, दुपारी साबुदाणा, संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू, आणि मधे कधी चक्कर आली तर लिंबूपाणी. जयूकाकूंचा उपास निर्जळ. लग्न होऊन माधवनगरच्या घरात आल्या त्या वर्षापासून तीजेच्या दिवशी त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. तापात गेला नाही, पोटुशी असताना गेला नाही, सासूबाई स्वतः पेला घेऊन मागे लागल्या तरी गेला नाही. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण ह्या एका परीक्षेत त्या कधी नापास झाल्या नव्हत्या, आणि हे त्या दर तीजेला कल्पनाला आडून नाही, चांगलं समोरून ऐकवत.

आज मात्र ऐकवायला जीभच वळत नव्हती.

मैदानाच्या कडेला त्यांची अशू उभी होती. अश्लेषा. एकुलती एक. गळ्यात शिट्टी, हातात पाटी, उजव्या पायावर भार कमी. पस्तिशीला आली होती, आणि हे वय जयूकाकूंच्या डोक्यात दिवसरात्र टकटक करायचं, बंद न होणाऱ्या नळासारखं.

लहानपणी ही पोर कॉलनीतल्या मुलांत खेळायची. मुलं तिला घेत नसत, मग घेऊ लागली, मग आधी तिला मागू लागली. इंदूरला कॉलेजात गेली आणि युनिव्हर्सिटीची कॅप्टन झाली. पेपरात फोटो आला तेव्हा भय्यासाहेबांनी, म्हणजे जयूकाकूंच्या यजमानांनी, तो बँकेत आपल्या टेबलाच्या काचेखाली लावला आणि महिनाभर खाती उघडायला आलेल्या माणसांना आधी फोटो दाखवला. जयूकाकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "फोटो बरा आहे, पण केस बांधले असते तर काय बिघडलं असतं?" आणि तोच पेपर त्यांनी देवघरातल्या फळीवर अंथरायच्या कागदांतून हळूच बाजूला काढून ठेवला होता.

मग शेवटच्या वर्षीची ती मॅच. गुडघा आधीपासून दुखत होता. अशूनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाकावर बसवलं असतं. पट्टी बांधली, वरून मोजा चढवला, उतरली. उडी मारून खाली आली ती एका पायावर, आणि तो पाय तिथंच संपला. ऑपरेशन झालं. चालता येऊ लागलं, जिने चढता येऊ लागले, पण खेळ गेला. दोन वर्षं पोर घरात नुसती बसून होती. कुणी यायचं, कुणी विचारायचं, आता पुढे काय, आणि ती उठून आत जायची.

मग ह्या शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. मैदानावर मोडकी बाकं रचलेली होती, कडीला जाळी नव्हती. तिनं स्वतः बाकं उचलली, जाळी बांधली आणि पोरी गोळा केल्या. माधवनगरच्या, फ्रीगंजच्या, पार भैरवगढच्या. आधी सलवारीत खेळायच्या, मग हळूहळू नीट कपड्यांत. आया तक्रार घेऊन यायच्या आणि चहा पिऊन परत जायच्या.

तिचा पहिला कायदा असा होता. सराव सुरू होण्याआधी सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि आपापलं दुखणं सांगायचं. नाव नाही, हजर नाही, दुखणं. "दीदी, अंगठा." "दीदी, पोट." "दीदी, घर पे मार पड़ी, पीठ." "दीदी, कुछ नहीं." पोरी त्याला दुखण्याची हजेरी म्हणत. जी लपवेल ती आठवडाभर मैदानाबाहेर, मग ती कॅप्टन का असेना. अंगठा दुखतो म्हणून कुणी कधी हसायचं नाही आणि काही दुखत नसेल तर उगाच काही सांगायचं नाही. जयूकाकूंना सुरुवातीला हे थेर वाटलं. "दवाखाना उघडलाय की काय," म्हणायच्या. पण मनातून त्यांना कळत होतं ही हजेरी कुठनं आली.

आणि ह्याच पोरींना त्यांनी लपवायला शिकवलं होतं.

झालं होतं असं. चैत्रात भय्यासाहेबांना झटका आला. छातीत दोन स्टेंट बसले. आयसीयूत काचेआडून भेटायला सोडलं तेव्हा नाकात नळी असलेला तो माणूस काय म्हणाला, तर, "जयू, माझं राहू दे. अशूचं कसं होईल गं?" तेवढंच. पण त्यानंतर जयूकाकूंची झोप उडाली. स्थळं तर सगळी बघून झालेली. कुणाला नोकरी सोडणारी हवी, कुणाला गुडघ्याचे एक्स-रे हवेत, आणि ज्यांना काहीच नको होतं त्यांना अशूनं दारातनंच परत पाठवलं. माणसांचे उपाय संपले म्हणजे बाई देवाकडे वळते. आणि एकटीचा उपास पुरत नाहीये, इतकी वर्षं झाली, पुरत असता तर जावई एव्हाना दारात उभा असता, असा हिशेब त्यांनी लावला.

श्रावणातल्या एका संध्याकाळी त्या चिवड्याचा डबा घेऊन मैदानावर गेल्या. अशू ऑफिसात गेलेली होती. पोरी भोवती जमल्या. ह्या सगळ्या त्यांना 'आई'च म्हणायच्या; दीदीची आई ती सगळ्यांची आई, मग घरात हिंदी असो की माळवी.

"दीदी के लिए कुछ करोगी?" काकूंनी विचारलं.

"जान दे देंगे, आई," देवश्री म्हणाली. ती कॅप्टन. उंच, बोलायला पुढे.

"जान नको. तीज का उपास करो. दीदी को अच्छा घर मिले, इतना मांगना."

पोरींचे डोळे जे चमकले! दीदीचं लग्न! एक म्हणाली मेहंदी मी काढणार, दुसरी म्हणाली वरातीत चेंडू घेऊन नाचू. भैरवगढची ज़ेबा होती, तिचे वडील चादरी छापायचे. तिला काकू म्हणाल्या, "तू राहू दे गं, तुझ्यात नसतं." तर ज़ेबा म्हणाली, "अरे आई, हम तो पूरा महीना रखते हैं, एक दिन में क्या है! पूजा ये लोग कर लेंगी, प्यासी मैं भी रह लूँगी." काकूंनी तिच्या हातावर दुप्पट चिवडा घातला.

इथपर्यंत ठीक होतं. पण जयूकाकूंची जीभ एवढ्यावर थांबेल तर ती जयूकाकूंची कसली. पोरी हसतायत, खिदळतायत, ह्यांना काही गांभीर्य नाही असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी बोट वर केलं. "लेकिन निर्जळ. कल्पना आंटी जैसा नहीं. एक ने भी मुँह गीला किया, तो सबका पानी में जाएगा. और दीदी को बिलकुल नहीं बताना."

देवश्रीची आई दर तीजेला सौभाग्येश्वराच्या देवळात रांगेत उभी राहणारी बाई, त्यामुळे देवश्रीला सगळं माहीत. तिनं भर घातली, "कथा में आता है, जो पानी पीती है वो अगले जनम में जोंक बनती है."

"बनते ना," जयूकाकू ठामपणे म्हणाल्या. "जळू होते. रक्त पिणारी."

पोरी गप्प झाल्या. काकूंना बरं वाटलं.

मॅच तेव्हा शनिवारी होती आणि तीज मंगळवारी. एकीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. शनिवारी पाऊस असा कोसळला की मैदानाचं तळं झालं. बुधवारी शाळेच्या आवारात गणपती बसणार, मांडव पडणार, मग पंधरा दिवस मैदान नाही. राहिला मंगळवार. ठरवणारे सगळे पुरुष. त्यांच्या घरच्या बायका त्या दिवशी उपाशी असतात हे त्यांना पानावर भाजी कमी आली तरच कळतं. जयूकाकूंना रविवारी कळलं. देवश्रीला फोन करून सांगावं, राहू द्या गं उपास, म्हणून त्यांनी फोन हातात घेतला. मग वाटलं, ढग आहेत, ऊन कुठंय. मग वाटलं, तासाभराचा तर खेळ. मग, आणि हे खरं कारण होतं, वाटलं की धरलेलं व्रत सोडायला सांगितलं आणि त्यामुळंच अशूचं फिसकटलं तर? फोन त्यांनी फ्रिजवर ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी आभाळात ढगाचं फडकं नव्हतं.

मॅचच्या आधी अशूनं नेहमीसारखी हजेरी घेतली. जयूकाकू पायरीवरून ऐकत होत्या. "आज तीज है. किसी का व्रत तो नहीं?" अशूनं आधीच विचारलं. पोरींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. "नहीं दीदी." मग ओळीत, "कुछ नहीं." "कुछ नहीं, दीदी." "कुछ नहीं." अशू खूश झाली. कुणाचंच काही दुखत नाही असा दिवस तिला पहिल्यांदाच मिळाला होता. तिनं वळून आईकडे बघून अंगठा दाखवला, आणि आईनं पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या क्वार्टरला उज्जैन पुढे होतं. पोरी वेड्यासारख्या खेळत होत्या. देवश्री कडीखाली भिंतीसारखी उभी, ज़ेबा चेंडू हिसकावून घ्यायची आणि देवासच्या पोरी बघत राहायच्या. आणि ऋचा. ऋचा सगळ्यांत बारकी, माधवनगरातलीच, ह्यांच्याच मागच्या गल्लीतली. चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा असायचा. अशू म्हणायची, माझे दोन्ही गुडघे हिला दिले असते तरी मला वाईट वाटलं नसतं.

"ही ऋचा किती लाल झालीय बघा ना ताई," कल्पना म्हणाली.

"गोरी आहे. गोऱ्या लाल होतात."

पण जयूकाकू ऋचाच्या कपाळाकडे बघत होत्या. बाकीच्या पोरी घामानं निथळत होत्या. ऋचाचं कपाळ कोरडं होतं.

मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. बाटल्या वर, माना मागे, बाटल्या खाली. एका पोरीनं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले, ओघळ आत जाऊ नये म्हणून. अशू पाटीवर रेघा मारत होती, कोण कुठं, कसं. आता उठावं. उठून खाली जावं, अशूच्या कानात सांगावं. किती पायऱ्या, चारसहा. जयूकाकूंचे पाय उठायला गेले आणि परत बसले. सांगायचं काय? की तुझ्या लग्नासाठी मी तुझ्या पोरींना तहानलेलं ठेवलंय? ह्या कल्पनासमोर? देवासच्या सगळ्या मंडळींसमोर? अजून अर्धाच खेळ राहिलाय. पोरी जिंकतायत. होईल. निघेल. शंभू महादेवा, निघू दे.

त्यांनी पलीकडे बघितलं. भय्यासाहेब सावलीच्या बाजूला पुरुषांत बसले होते, डोक्यावर टोपी, हातातल्या पेपरानं वारा घेत. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हटलं होतं. पण लेकीची फायनल, कोण ऐकतो. ते कुणाशी तरी बोलून हसत होते. त्यांच्या छातीतली ती दोन बारीक नळकांडी आज जयूकाकूंच्या एका उपासावर उभी होती असं त्यांना वाटत होतं, अगदी खरंखरं वाटत होतं.

तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि ऋचाला चेंडू मिळाला. ती पळाली. छान पळाली, दोघींना चुकवलं, आणि सगळं मैदान आधी गप्प झालं आणि मग हसायला लागलं. ऋचा आपल्याच कडीकडे पळत होती.

"अगं उलटी! उलटी!" कल्पनासुद्धा ओरडली.

ऋचा थांबली. चेंडू हातात धरून ती उभी राहिली आणि तिनं दोन्ही कड्यांकडे आळीपाळीनं बघितलं, नव्या गावात उतरलेल्या माणसानं दोन रस्त्यांकडे बघावं तसं. मग ती सावकाश खाली बसली. पडली नाही, बसली, आणि चेंडू गडगडत गेला.

हसणं थांबलं. अशू त्या पायानं पळाली. शिट्ट्या वाजल्या, पंचांनी खेळ थांबवला. तिला उचलून बाकावर आणलं, अशूनं बाटली तिच्या तोंडाला लावली. ऋचानं दात आवळले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं.

"पी ऋचा! पी!"

ऋचानं डोकं हलवलं.

"देवश्री, धर हिला. पाणी दे." देवश्री हलली नाही. अशूनं मान वर केली आणि सगळ्या पोरींकडे बघितलं. फाटलेले पांढरे ओठ. बाकाखाली भरलेल्या बाटल्या. "तुम लोगों ने पानी नहीं पिया? सुबह से? किसी ने नहीं?"

ज़ेबा रडू लागली.

"क्यों?"

आता जयूकाकू उठल्या. कल्पना "ताई, कुठं चाललात" म्हणेपर्यंत त्या खाली होत्या. मैदानावर चपला घालून यायचं नाही हा अशूचा दुसरा कायदा. त्यांनी कडेला चपला काढल्या. सिमेंट तापलेलं होतं. भाजलेल्या पायांनी त्या बाकापर्यंत गेल्या.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मी उपास धरायला लावला. निर्जळ. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी काय?"

"तुझं लग्न व्हावं म्हणून."

अशूनं आईकडे बघितलं. जयूकाकूंनी आयुष्यात पुष्कळांच्या नजरा परतवल्या होत्या. ही परतवता आली नाही. अशू ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लपवायला सांगितलंस," अशू हळू म्हणाली. "ह्यांना. आई, लपवायला?"

आणि तिनं पाठ फिरवली. बाटली पुन्हा ऋचाच्या तोंडाशी नेली. ऋचाचे दात मिटलेलेच.

"पियो ना बेटा," जयूकाकू वाकल्या. "मैं बोल रही हूँ. मैंने ही बोला था ना, मैं ही बोलती हूँ, छोड़ दो. हो गया उपास. पोचलं देवाला."

"ऐसे नहीं छूटता, आई," देवश्री म्हणाली. ती खंबीर होती. काकूंनीच केली होती खंबीर. "आपने बोला था. एक ने भी पिया तो सबका जाएगा. दीदी का... और जोंक..."

जयूकाकूंनी आजूबाजूला बघितलं. जे शब्द त्यांनी श्रावणात बोट वर करून ठोकून बसवले होते, ते आता शब्दांनी निघणार नव्हते.

त्यांनी बाकाखालची बाटली उचलली. कुणाची तरी, उष्टी, प्लास्टिकची. झाकण फिरवलं. आणि त्यांची नजर पुन्हा पलीकडे, सावलीच्या बाजूला गेली. भय्यासाहेब उभे राहिले होते. त्यांना काय चाललंय ते सगळं कळलं नसेल, पण तीजेच्या दिवशी बायकोच्या हातात उघडी बाटली, एवढं त्यांना लांबूनही कळत होतं. त्यांनी टोपी काढली.

"अगं, पी!" ते ओरडले. बँकेत कधी आवाज न चढवणारा माणूस, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "बघतेस काय माझ्याकडे! मी उभा आहे ना इथं!"

"व्हायची तर मी होते जळू," जयूकाकू पोरींना म्हणाल्या, मराठीतच, आणि बाटली तोंडाला लावली.

पाणी गरम होतं, प्लास्टिकचा वास मारत होतं. पहिला घोट गळ्यातून उतरताना दुखला. त्यांनी मुद्दाम मान मागे टाकली, गळा सगळ्यांना दिसावा म्हणून. एक घोट. दुसरा. तिसरा. आणि सबंध वेळ डोळ्यांच्या कोपऱ्यातून भय्यासाहेबांकडे बघत होत्या, आता पडतो की मग पडतो. ते पडले नाहीत.

ज़ेबानं डोळे पुसले आणि आपली बाटली उचलली. "चलो, अपना तो इफ़्तार हो गया," ती म्हणाली आणि घटाघटा प्यायली. कुणीतरी रडता रडता हसलं. मग बाटल्या उघडल्याच. देवश्री सगळ्यांत शेवटी प्यायली, डोळे मिटून. ऋचानं दात सोडले, आणि अशूनं चमच्यानं पाजावं तसं तिला थोडं थोडं पाजलं. देवासचे कोच बर्फ आणि ग्लुकोज घेऊन धावत आले होते. कसलाही प्रश्न न विचारता त्यांनी बर्फाचा रुमाल ऋचाच्या मानेवर धरला.

ऋचाला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली. अशूनं पाटी देवश्रीच्या हातात दिली.

"दीदी, आप जा रही हो? फायनल है!"

"मालूम है." अशू ऋचाला धरून रिक्षात चढली. आईकडे तिनं बघितलं नाही.

राहिलेल्या मॅचभर जयूकाकू कोचच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नाही. पाटीवरच्या रेघा त्यांना कळत नव्हत्या. त्यांना एकच कळत होतं. खेळ थांबला की त्या उठायच्या आणि ओरडायच्या, "पानी! पहले पानी! देवश्री, गळा हलला नाही, फिरसे पी!" देवासच्या पोरीसुद्धा दचकून प्यायल्या. मागून कल्पना थर्मास घेऊन आली आणि तिनं कप पुढे केला. जयूकाकूंनी तो घेतला आणि प्यायल्या. साखर जास्त होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

पोरी हरल्या. फार नाही, पण हरल्या.

घरी येताना ई-रिक्षात भय्यासाहेब म्हणाले, "शेवटी शेवटी चांगल्या खेळल्या." जयूकाकूंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं, अंगठा नाडीवर, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्यांना शत्रू वाटत होता. घरात वाळूचा महादेव पाटावर तसाच होता, पत्री सुकून गेलेली. त्यांनी हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही. अशूचं मागायची आता हिंमत नव्हती.

भय्यासाहेब जेवले आणि पलंगावर आडवे झाले. पाच मिनिटांत झोप. जयूकाकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. पोट वर येतं, खाली जातं. वर, खाली. कधी मधेच जरा थांबल्यासारखं होई आणि त्यांच्या तळहाताला घाम फुटे. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन जळाल्याचा वास आला तरी त्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात, दिवेलागणीला, अशू आली. "ऋचा बरी आहे," एवढंच म्हणाली, भिंतीला. "सलाइन लावलं. उद्या सोडतील. आठवडाभर मैदानाबाहेर." चेंडू कोपऱ्यात ठेवला, बूट काढले, गुडघ्यावर हात दाबून उभी राहिली. मग आईकडे आली.

काकू वाट बघत होत्या. आता बोलेल. बोलू दे. काय बोलायचं ते बोलू दे.

"आई," अशू म्हणाली, "काय दुखतंय?"

जयूकाकूंच्या ओठांवर आलं होतं, कुठं काय, काही नाही. सकाळी पोरींनी म्हटलं होतं तसंच.

"अशू," त्या शेवटी म्हणाल्या, "ह्यांचा श्वास बघ गं जरा. मला नीट दिसत नाहीये."

अशू शेजारी येऊन चौकटीला टेकली. दोघी बघत राहिल्या. पोट वर आलं. खाली गेलं. मधे थोडं थांबलं, फार थांबल्यासारखं वाटलं, आणि जयूकाकूंनी लेकीचा हात गच्च धरला.

"चालू आहे," डोळे न उघडता भय्यासाहेब म्हणाले. "दूध बघा कुणीतरी."

अशू हात सोडवून घ्यायला गेली. जयूकाकूंनी सोडला नाही.